सूचना मंजूर

पुण्याच्या कॉलेजात मी जुनं इंग्रजी गद्य शिकवायचे. आता टोकियोतल्या हिगाशी-कसाईत नवऱ्याचा डबा भरते आणि कचरा वेगळा करते. भोग, दुसरं काय!

नवरा, अंबरीष, सकाळी निघतो तेव्हा आमची रुचा झोपलेली असते आणि परत येतो तेव्हाही झोपलेलीच. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मार्चपर्यंत हे बदललं नाही, तर मी रुचाला घेऊन पुण्याला जाते. बापाविनाच वाढायचं, तर निदान आजीआजोबांत वाढेल."

"साहेबाला कसं सांगू गं? इथे तोंडावर बोलायची पद्धत नाही."

"मग बोलू नकोस. लिही."

त्याच्या ऑफिसात दर महिन्याला प्रत्येकाने सुधारणेची एक सूचना द्यायची असते. प्रिंटर कुठे हलवावा, दिवे कधी बंद करावेत, असलं काहीबाही. त्या रविवारी मी अंबरीषची शिकवणीच घेतली. जुने इंग्रज लेखक चिडले की ओरडत नसत. लोककल्याणासाठी झटणाऱ्या सभ्य, हिशेबी माणसाचा आव आणायचे आणि त्याच थंड सुरात काहीतरी राक्षसी सुचवायचे. स्वतः जराही हसायचं नाही. वाचणाराच दचकला पाहिजे, की अरे देवा, हे तर आपणच करतोय!

मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: 'कर्मचाऱ्यांची मुलं हा कामातला मोठा अडथळा आहे. तरीही बापाची ओढ पूर्णपणे मोडता येत नसल्याने, दर गुरुवारी मीटिंग रूममध्ये दहा मिनिटं व्हिडिओवर मूल दाखवावं. मुलाने विषय आधी कळवावेत. रडणं पुढच्या बैठकीत घ्यावं. त्यानंतर बाप ताजातवाना होऊन आणखी उशिरापर्यंत बसू शकेल.'

किती दिवसांनी आम्ही पोट धरून हसलो!

"ओगावा-सानला मिरच्या झोंबणार," अंबरीष साहेबाचं नाव घेत म्हणाला.

"झोंबू देत मेल्याला!"

सूचना मंजूर झाली. त्या महिन्यातली सर्वोत्तम म्हणून. ओगावा-सानला स्वतःची मुलं आठवली, वाचताना त्याचे डोळे भरून आले म्हणे. रडण्याचं कलम तेवढं त्याने काढून टाकलं.

मी कपाळावर हात मारला. "अरे, मग सांगितलं का नाहीस, हा उपरोध होता म्हणून?"

अंबरीष दारात बूट काढत होता. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या गं. आणि खरं सांगू? दहा मिनिटं काही कमी नाहीत. आत्ता तेवढी तरी कुठे मिळतात?"

साहेबाला कळलं नाही, ते एक वेळ सोडा. पण ह्याने तर स्वतः लिहिलं होतं, माझ्याबरोबर बसून हसला होता, आणि आता ह्यालाच ते पटलं होतं! ज्याला लाज वाटायला हवी त्याची लाजच दमून झोपली असेल, तर कुठल्या लेखकाने काय करावं? मला वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या गुरुवारी रुचाला टॅबलेटसमोर बसवलं. पडद्यावर अंबरीष, मागे कौतुकाने उभा असलेला ओगावा-सान. रुचाने पडलेला दात दाखवला, मग ट्रेनचं चित्र दाखवलं. तिकडे दहा मिनिटं संपल्याची घंटी वाजली. तशी पोर शहाण्यासारखी उठली, कमरेत वाकली आणि दिवसाचं काम संपल्यावर इथे लोक एकमेकांना म्हणतात ते म्हणाली, "ओत्सुकारेसामा देशिता."

अंबरीषही सवयीने खुर्चीतून उठला आणि त्याने आपल्या लेकीला वाकून तेच उत्तर दिलं.

पडदा काळा झाला. मी कपाटावरची मोठी बॅग खाली ओढली.