आठव्या वाटेवरची बारकी

हात लावू नका हं, बोटांना तपकिरी भुकटी लागेल. तीच माझी कातडी आणि तेच माझं बोलणं. मी टेप. तुमच्या खिशात मावणारी कॅसेट ती माझी नात. मी तिची आजी. अंगठ्याहून रुंद आणि जेवणाच्या ताटाएवढ्या रिळावर गुंडाळलेली. गाणी आधी माझ्यावर भरायची आणि मग माझ्यावरून तबकड्या काढायच्या, असा तो काळ होता.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकची लांबलचक पट्टी, तिच्यावर चिकट लेप आणि त्या लेपात लोखंडाचा गंज. हो, गंजच! खिडकीच्या गजाला लागतो ना, त्याचाच चाळून घेतलेला सख्खा भाऊ. तुम्ही गंजाला नावं ठेवता, आमच्यात गाणं धरायचं काम त्याचंच. हे ऐकून लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

माझ्या अंगावर शेजारी शेजारी आठ वाटा. एकीवर ढोल, एकीवर गिटार, एकीवर ऑर्गन, असं ज्याचं त्याचं घर वेगळं. सगळी एकदम वाजतात, पण एकाला गप्प करून दुसऱ्याला एकट्याला ऐकता येतं. आठवी वाट मुख्य गायिकेची. माझं सगळं सुखदुःख त्या आठव्या वाटेवरचं.

तळघरातला स्टुडिओ होता. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. पंख्याचा आवाज गाण्यात येतो म्हणून पंखा बंद, त्यामुळे सगळे घामाघूम. गाणं प्रेमाचं, पण रडकं नव्हे. निघालेल्या माणसाला दाराशी अडवणारं, ठेका असा की अडवतानाही पाय हलावेत. शेवटी तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा: थांब ना, थांब ना.

गाणार होती थोरली. तिचं नाव झालं होतं, भिंतीवर पोस्टर होतं. तिच्यामागे सूर धरायला तिची धाकटी बहीण यायची. तिला सगळे बारकी म्हणायचे. अंगानं बारकी, आवाजानं बारकी, आणि पगारानंही बारकीच, असं ती स्वतःच हसून सांगायची.

त्या दिवशी थोरलीचा घसा बसला होता. वादक तर येऊन बसलेले. त्यांना गाण्याचा अंदाज यावा म्हणून रेकॉर्डिंगवाल्या काकांनी बारकीला माइकपुढं उभं केलं. "नुसतं कच्चं म्हण गं. उद्या ताई नीट म्हणेल."

बारकीनं डोळे मिटले आणि कच्चं म्हटलं.

आता काय सांगू तुम्हाला! माझ्यावरून तोवर पुष्कळ आवाज गेले होते, पण असा आवाज माझ्या अंगाला लागला नव्हता. ऑर्गनवाला मध्येच वाजवायचा विसरला. गाणं संपलं. बारकी माइकपाशी काकांना काहीतरी बोलली आणि पाणी प्यायला निघून गेली. काय बोलली ते मी आत्ता सांगत नाही. ज्याच्याबद्दल होतं, त्याला आधी कळू दे.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मालक आला. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "पोरगी गोड गाते, पण पोस्टर थोरलीचं छापलंय. तिचंच घ्या."

काका म्हणाले, "साहेब, आठही वाटा भरल्यात."

"मग त्याच्यावरच घ्या की!"

किती सोपं बोलणं. चहाच्या कपात कप ठेवावा तसं.

थोरलीनं कानाला हेडफोन लावले. सुरुवातीला तिला बहिणीचा श्वास ऐकू आला असणार. मग लाल दिवा लागला आणि ती गायला लागली. चांगलीच गायली, खोटं कशाला बोलू. पण तिचा एकेक शब्द माझ्यावर उमटत होता आणि बारकीचा तोच शब्द पुसला जात होता. मी काय करणार? मला पकडता येतं, नाही म्हणता येत नाही. काचेपलीकडे बारकी ताईसाठी कोमट पाण्याचा पेला धरून उभी होती. गाणं झाल्यावर म्हणाली, "ताई, तुझंच छान झालं."

गाण्याच्या शेवटी "थांब ना" फिरत राहतं, तिथं आवाज हळूहळू कमी करून गाणं विझवायचं ठरलं होतं. म्हणून काका म्हणाले, "बास, पुढचं तबकडीवर येणारच नाही." त्यांनी लाल दिवा घालवला, थोरलीनं हेडफोन काढले. माझं रीळ मात्र फिरत राहिलं. विझलेल्या गाण्याच्या पलीकडे, माझ्या शेवटच्या टोकावर, बारकी तशीच राहिली.

हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

गाणं गाजलं. न्हाव्याच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, लग्नाळू पोरांच्या तोंडी, जिकडेतिकडे तेच. थोरली गावोगाव हिंडली. बारकीनं गाणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "घसाच गेला हो." घसा बिसा काही गेला नव्हता. ती लाँड्रीत इस्त्री करायला लागली, लग्न केलं, तिला एक मुलगी झाली. ती मुलगी धड बोलायलाही लागली नव्हती, तेव्हा बारकी तापानं आजारी पडली आणि गेली. थोरलीनं भाचीला पदरात घेतलं. त्यानंतर तिनं मंचावर सगळी गाणी म्हटली, हे एक सोडून.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी गोदामात होते. माणसांची ही गंमत बघा. डब्यावर ठळक अक्षरांत 'महत्त्वाचे' लिहितात, आणि एकदा लिहिलं की डबा उघडायची गरजच वाटत नाही त्यांना. तिथली ओल माझ्या लेपात मुरली. माझा एक वेढा दुसऱ्याला चिकटायला लागला. टेपचं शेवटचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवायची पद्धत असते, म्हणून ओल सर्वांत आधी तिथंच लागली. नेमकी बारकी होती तिथं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांना जुनी गाणी नव्यानं नाचवायची होती. म्हणून माझा डबा एका रिमिक्सवालीकडे आला. जुन्या गाण्यातला आवाज सुटा करायचा, ठेका बदलायचा, कुठं लांबवायचं, कुठं तोडायचं, हा तिचा धंदा. ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हातारपणी हे काय नशिबी आलं! पण तिचं काम बघितलं आणि गप्प बसले. गोधडी शिवणारी बाई जुन्या कपड्याला कात्री लावायच्या आधी एकदा हात फिरवते ना, तशी ती प्रत्येक आवाज आधी नुसता ऐकायची.

आणि ही रिमिक्सवाली कोण? बारकीची मुलगी. मावशीचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणून तिनं मला मुद्दाम मागून घेतलं होतं. आपली आई गात होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चिकटलेली टेप तशीच वाजवली तर सोलून निघते. म्हणून आधी मंद आचेच्या भट्टीत शेकतात, ओल काढतात. तुम्हाला ताप आला की तुम्ही घाबरता, मला ताप आणून बरं केलं. पण हे बरेपण चार दिवसांचं पाहुणं असतं, तेवढ्यात गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. तिनं मावशीला बोलावलं. म्हातारीनं नव्या रिमिक्सच्या परवानगीवर सही केली होती, तीही एका झटक्यात. भाचीला त्याचंच नवल वाटत होतं.

गाणं उतरवून झालं. तबकडीवर जिथं विझतं तिथं भाचीनं मला थांबवलं, कॉम्प्युटरही थांबवला. मग कौतुकानं म्हणाली, "मावशी, आता गंमत बघ." तिनं कॉम्प्युटरवर आठवी वाट बंद केली. थोरलीचा आवाज गेला, मागं नुसते ढोल न् ऑर्गन उरले.

म्हातारी पुढं सरकली. "हं. माझा काढलास. आता खालचा लाव."

"खालचा कुठला?"

"बारकीचा. तुझ्या आईचा गं."

 म्हातारीनं मग सगळं सांगितलं. घसा बसलेला तो दिवस, कच्चं गाणं, पोस्टर, लाल दिवा. सांगताना तिची बोटं पर्सच्या चेनीशी खेळत होती. "मी ऐकलं, तुम्ही लोक आता एकावर एक चढलेले आवाज सुटे करता म्हणून. म्हणून तर सही केली. माझा आवाज काढून टाक, फेकून दे. खाली ती असेल."

"मावशी, अगं..."

"भिंतीला नवा रंग दिला तरी जुना खाली राहतोच की!"

 भाचीलाही वाटत होतं की खाली काहीतरी असावं. पण ज्याचं जे काम, त्यात त्याला खोटं बोलता येत नाही. "ही भिंत नाही गं मावशी. पाटी आहे. पुसूनच लिहितात. खाली काही नसतं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे मी तिला पुसली," म्हातारी म्हणाली. तिनं पर्स उचलली, पण उठता येईना. तशीच बसून रडायला लागली. भाचीनं तिचे खांदे धरले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बायांनो, मी अजून संपलेली नाही! चार वेढे शिल्लक आहेत! पण टेपला कोण विचारतं. कुणी फिरवल्याशिवाय आमचं तोंड उघडत नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी शिस्त आहे. टेप अर्ध्यावरून काढायची नाही, शेवटपर्यंत चालवायची आणि मगच उतरवायची. भाचीनं डोळे पुसले आणि नुसत्या सवयीनं, मला उतरवायचं म्हणून, बटण दाबलं.

आणि बारकी आली.

थांब ना. थांब ना. मोकळ्या गळ्यानं, कसलीही काळजी नसल्यासारखी ती गात होती. म्हातारीनं तोंडावर हात दाबला. भाची जागच्या जागी खिळली. कळायला लागल्यापासून तिनं पहिल्यांदाच आईचा आवाज ऐकला. वादक थांबले, बारकी हसली, आणि काकांना म्हणाली, "झालं ना? आता पुसून टाका हं काका. ताईनं ऐकलं तर तिला उगाच वाईट वाटेल. ती माझ्यापेक्षा छान म्हणते."

मग माझं टोक रिळावरून सुटलं आणि फटफट करत फिरत राहिलं.

"परत लाव!" म्हातारी म्हणाली.

भाचीनं कॉम्प्युटरकडं पाहिलं. तो तर तिनं आधीच थांबवला होता. यातलं काहीच उतरलं नव्हतं. आणि यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटीचा थर साचला होता. माझं शेवटचं टोक, ओल खाल्लेलं, वाजता वाजता सोलून निघालं होतं. मी तिला तिच्या लेकीपर्यंत पोचवलं, पण पोचवताना माझ्या हातून ती सांडली.

त्या पोरीनं काय काय केलं म्हणून सांगू! कापसानं यंत्र पुसलं, मला पुन्हा शेकलं, श्वास रोखून पुन्हा चालवलं. एकच "थांब ना" धड निघालं. तेही पुरतं नाही, "ना" अर्ध्यात तुटलेला. पुढं नुसती खरखर.

"यावर गाणं करते," भाची म्हणाली. "हेच पुन्हा पुन्हा वाजवत राहीन. शंभरदा येईल ती."

"नको," म्हातारी म्हणाली. "तिला यंत्रासारखं बोलायला लावू नकोस. एकदाच येऊ दे."

तसंच झालं. नव्या गाण्यात थोरलीचा आवाज आहे, नवा ठेका आहे, तरुण पोरं त्यावर घामाघूम होऊन नाचतात म्हणे. पण जुनं गाणं जिथं विझायचं, तिथं सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एक बारीक आवाज एकदाच म्हणतो, थांब ना. तो अर्ध्यात तुटतो. नाचणारे पायही क्षणभर थांबतात आणि लोक विचारतात, ही दुसरी कोण? गाण्याखाली आता दोन नावं असतात. बारकीचं आधी, थोरलीचं मागून. ते मावशीनंच करून घेतलं.

मी आता थोरलीच्या घरी असते, तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर. कामाची राहिले नाही म्हणून भाचीनं मला तिला देऊन टाकलं. माझ्या डब्यात कापसाचा तो तपकिरी बोळाही आहे. म्हातारीनं तो टाकू दिला नाही.

रोज दुपारी ती जुनी तबकडी लावते. गाणं विझत जातं, सुई टकटक करत राहते, आणि ती उठत नाही. त्या दिवशी एकदाच ऐकलेलं तिला पाठ झालंय. फाटक्या, थकल्या गळ्यानं ती पुढचं गाते. बारकीसारखंच. प्रत्येक "थांब ना" बारकी जिथं लांबवायची तिथं लांबवते, बारकी जिथं श्वास घ्यायची तिथं श्वास घेते. शेवटी तिच्यासारखंच हसते आणि ते बोलणंही म्हणते, ताईनं ऐकलं तर तिला उगाच वाईट वाटेल. तेवढ्यावर ती थांबते.

ते तुटकं "थांब ना" सोडलं तर बारकी आता जगात तेवढीच उरली आहे, या म्हातारीच्या गळ्यात. आणि मी इथं, हातभर अंतरावर, रिकामी. माझ्यावर आता काही उमटत नाही. भाची आज भेटायला आली आहे, पण ती आत स्वयंपाकघरात आहे, भांड्यांच्या आवाजात तिला काही ऐकू जात नाही. मावशी दुपारी गाते, हे तिला माहीतच नाही.

तुम्ही माझं इतकं ऐकलंत, आता एवढं करा. तिला हाक मारा. म्हणावं, भांडी राहू देत, बाहेर ये, तुझी मावशी गातेय. आणि येताना आधी फोनवरचं ते आवाज भरायचं लाल बटण दाब.