अभिमनची कंबर आणि मरीमायच्या गाड्या

अभिमनने रिकामा रॉड खाली ठेवला तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं. स्वप्नील, त्याच्याच गावचा. जिममध्ये यायचा तो निम्मा वेळ मोबाइलवर शूटिंग करायला.

"अभिमनभाऊ, प्लेटा लावायच्या राहिल्या ना तुमच्या!"

"तुझ्या टाळक्यात घालून उरल्या तर लावतो."

सगळे हसले. अभिमनची कानशिलं तापली. पारोळ्याच्या याच जिममध्ये गेल्या हिवाळ्यापर्यंत त्याच्याएवढी जड डेडलिफ्ट कुणी मारत नव्हतं. मग एका सकाळी कमरेत वीज कडाडली, मणक्यातली गादी सरकली, आणि बायको दिपमालाला त्याला कुशीवर वळवून चमच्याने वरण-भात भरवावा लागला. आता कुठे धुळ्याच्या सबीहा मॅडमनी परवानगी दिली होती. मॅडम फिजिओथेरपीवाल्या, गोड बोलून दम द्यायच्या: नुसता रॉड उचला, झटका नाही, ओढाओढ नाही, पायात मुंग्या आल्या की तिथेच थांबा.

गावी घरी आला तर ओट्यावर नवलआबा बसलेले. सख्खे चुलते, मरीमायचे भगत. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की गावात बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांच्यावर माणसं चढतात आणि भगत पहिल्या गाडीच्या जुवाला कंबर लावून त्या ओढतो. दोन्ही अंगांनी हात लावायला गडी असतात, त्यांना बगले म्हणतात. आबांना पोरबाळ नाही. त्यांच्यामागे हा मान अभिमनचाच.

आबांनी मोबाइल पुढे केला. स्वप्नीलने त्याचा रॉड उचलतानाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला होता. वर लिहिलेलं, 'भाऊ परत मैदानात!'

"बठ्ठं गाव देखी राहिनं. औंदा गाड्या तूच वढशी."

"आबा, तो रिकामा रॉड शे."

"रिकामा? लोखंड रिकामं कसं ऱ्हास रे? लोखंड उचलस, आनि मायना गाड्या वढाले कंबर दुखस?"

दिपमाला आतून तरातरा बाहेर आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो सावरायचंही भान तिला नव्हतं. "आबा, परवाच्या कीर्तनात महाराज काय बोलले? देह हे देवाचं देऊळ. तुम्हीच पुढे बसून मान डोलवत होते. आता त्याच देवळाला पहार लावताय?"

"सूनबाई, मायनं काम शे हाई."

"मायचं काम असतं तर मायनं मला सांगितलं असतं. ह्यांना रात्रंदिवस मी उचललंय!"

आबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. अभिमनकडे बघून म्हणाले, "मन्ही कंबर थकनी, पोरा. तू नही म्हनशी ते आपला घरना मान जाई."

जिममधलं हसणं, आबांची नजर, दिपमालाच्या डोळ्यांतलं पाणी, सगळ्याचाच त्याला संताप आला. सगळ्यांत जास्त स्वतःच्या कमरेचा. "ओढतो!" तो ओरडला. "झालं समाधान?"

दिपमालाने जेवणाचं ताट त्याच्यापुढे आदळलं आणि ती आत निघून गेली.

गाड्यांच्या दिवशी अंगाला हळद फासून त्याने गाड्यांना फेऱ्या मारल्या. वर माणसांची दाटी. पहिल्या गाडीवर स्वप्नील मोबाइल धरून उभा. अभिमनने जुवाला कंबर टेकवली, टाच रोवली, रेटा दिला. डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत मुंग्या सळसळत गेल्या.

तो बाजूला झाला.

"काय व्हयनं?" आबा धावले.

"मी ओढणार नाही."

डफ थांबला. गर्दीतून आवाज आला, "बायकोनं सांगितलं काय?"

"हो, बायकोनंच सांगितलं!" अभिमनचा आवाज फाटला. "मी ऐकलं नाही, म्हणून इथवर आलो. ह्या गाड्या आजवर एकट्याच्या कमरेनं चालल्या का? माय काय एकट्याच्या अंगात बसते? अन् तुम्ही वर बसून फोटो काढता? स्वप्न्या, उतर खाली! उतर, नाहीतर ओढून काढीन!"

स्वप्नील उतरला. त्याच्यामागे आणखी चारदोन पोरं उतरली.

आबांनी उपरणं कमरेला गच्च आवळलं आणि स्वतःच जुवाला जाऊन भिडले. "हात लावा रे भडव्यांनो!"

बगले भिडले, पोरं भिडली. चाकं करकरली आणि पहिली गाडी हलली. तिच्यामागे बाकीच्या, एकीला ओढत दुसरी.

अभिमन शेजारून चालत होता. दोन्ही हात पाठीमागे गुंफलेले, नाहीतर ते आपोआप गाडीकडे गेले असते. संताप अजून उतरला नव्हता. दिपमाला दोन पावलं मागे होती, तिचाही उतरला नव्हता. त्याने मान वर करून मरीमायचा जयजयकार केला.

जुवात वाकलेल्या आबांनी तिरकं बघितलं. घाम डोळ्यांत, दात आवळलेले.

"जोरमा बोल ना, बैला! वढत नहीस ते बोल तरी!"

तो नरड्याच्या शिरा ताणून ओरडला.