दवाखान्याच्या दारातली काठी

मी एक जुनी वेताची काठी आहे, मित्रांनो. टोकाला लोखंडी टोपी आहे. ज्या दवाखान्याच्या दारात मी असते, तिथे सुईच्या नशेत अडकलेल्या माणसांना रोज एक गोळी देतात. ती जिभेखाली धरायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बाकावर बसायचं. मग सुईची ओढ आटोक्यात राहते. शहाणपणाचं काम आहे.

मला आणलं भटकी कुत्री हाकलायला. कुत्री राहिली बाजूला, माणसांच्याच पोटऱ्या फुटू लागल्या. रांग वाकडी झाली की टोला, उशिरा आला की टोला! "गर्दुल्ल्यांना हीच भाषा कळते," नवा पहारेकरी म्हणायचा आणि खिडकीतून गोळ्या देणारी सिस्टर हसायची.

एक दिवस एक ताई आल्या. या उपचाराबद्दल, या रुग्णांबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं, ते त्यांना मोजायचं होतं. मुळीच पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच.

"रुग्णांशी मी आदराने वागतो," ताईंनी वाचलं.

"पाच!" पहारेकरी म्हणाला, तेही मला हातात धरून! सिस्टरनेही पाचच सांगितले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. माझ्या टोपीला सकाळचं रक्त होतं, पण काठीला कोण विचारतं?

ताई आत साहेबांकडे गेल्या. बाकावर एक गवंडी गोळी घेऊन बसला होता. बरेच महिने त्याने सुईला हात लावला नव्हता. थापी पुन्हा हातात आली होती, रुसलेली लेक पुन्हा बोलू लागली होती.

"ए, कार्ड कुठंय तुझं?" पहारेकऱ्याने विचारलं. गवंड्याने ओठांवर बोट ठेवलं. जरा थांबा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"मला गप्प बसवतोस? मला?"

गोळी तोंडात असताना बोलायचं नसतं, हे या नव्या पहारेकऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सिस्टरला माहीत होतं. ती नुसती बघत राहिली. मी जबड्यावर बसले. हाड कडकन मोडलं. दात आणि गोळी रक्तात फरशीवर पडली. तो रांगत गोळी शोधू लागला, तर मी पाठीवर, मग बोटांवर.

"दुसरी द्या हो, सिस्टर," तो कसाबसा म्हणाला.

"दिवसाला एकच मिळते." तिने खिडकी लावून घेतली. ताई बाहेर आल्या तेव्हा फरशी पुसून झाली होती.

दोन दिवसांनी त्याची बायको आली. "नाल्याकाठी सापडला तो. मेलेला. सुई दंडातच होती," ती म्हणाली आणि तिने मला उचललं. पहिल्या टोल्यात खिडकीची काच फुटली, दुसऱ्यात पहारेकऱ्याचा खांदा.

"वहिनी, मारू नका!"

"आता वहिनी झाले होय रे? तुला निदान ओरडता तरी येतंय!"

तिसऱ्यांदा मी सिस्टरच्या डोक्यावर उगारली गेले. काचांत बसलेली सिस्टर रडत म्हणाली, "त्याच्या तोंडात गोळी होती. मला माहीत होतं गं. मी बोलले नाही."

बायकोने मला फेकलं आणि तिथेच बसून हंबरडा फोडला.

पुढे मोजणीचा निकाल लागला. कर्मचाऱ्यांची वृत्ती उत्तम! नवी काच बसली, मलाही कुणीतरी पुसून दारात उभं केलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माणसं जपा. उद्या सकाळी पुन्हा रांग लागेल. त्याआधी मला मोडा.