रूपलचा र

बेटेगावच्या सुलूबाईंनी लेकीसाठी आलेली स्थळं भलत्याच चाळणीतून गाळली होती. शिक्षण, नोकरी, पत्रिका सगळं नंतर; आधी मुलाचं नाव विचारायचं. नावात 'र' निघाला की स्थळ बाद! बँकेतला रवींद्र असाच गेला, त्याच्या मागोमाग किशोर गेला. लोक म्हणायचे, बाईंच्या अपेक्षा फार. खरं कारण बाई कुणाला सांगत नसत.

कारण रूपलच्या जिभेत होतं. तिचा 'र' टाळूला टेकतच नसे. ओठांपाशी येऊन मऊ पडायचा आणि ऐकणाऱ्याला 'व' वाटायचा. शाळेत तिनं स्वतःचं नाव सांगितलं की वर्गभर फिदीफिदी. मध-वेखंड चाटवून झालं, पालघरच्या डॉक्टरांनी जीभ ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तरी 'र' काही सुधारेना. मग रूपलनं बोलणंच कमी केलं. गाजर हवं असलं तरी बाजारातून काकडी घेऊन यायची. सुलूबाईंना मात्र लग्नातली पंगत डोळ्यांपुढे दिसायची. लेक नवऱ्याला घास भरवतेय, नाव घेतेय आणि अख्खा मांडव हसतोय.

आणि या बयेनं स्वतःहून पसंत केलं कुणाला? शिरगावच्या विश्रामला!

"सगळ्या दुनियेत तुला हाच गावला?" सुलूबाईंनी कपाळाला हात लावला. "नावाच्या मधोमध र हाय त्याच्या!"

"आई, माणूस चांगला हाय."

"माणूस चांगलाच हाय गं. पण नाव घेताना लोक माणूस बघत नाय."

लेक हटून बसली तेव्हा आईनं तोड काढली. उखाणा असा शोधला की त्यात औषधालाही 'र' नाही: चांदीच्या वाटीत बासुंदी छान, यांचं नाव घेते, ठेवते सगळ्यांचा मान. राहता राहिलं नाव. तर बेंजोवाल्या अंकुशला सांगून ठेवलं की रूपलनं 'विश्' म्हटलं रे म्हटलं की वाजवायला सुरुवात करायची. रूपलनं निमूट मान डोलावली. लपण्याची तिला सवयच होती.

ती बोईसरच्या एमआयडीसीत, रंगाची पावडर परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. फोन वाजला की शेजारच्या समिधाकडे सरकवायची आणि आपण ईमेल लिहीत बसायची. लग्न आठवड्यावर आलं आणि नेमकी समिधा आजारी पडली. मालक मेहुलभाईंनी गिऱ्हाइकांबरोबरच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग रूपलच्या हवाली केलं. "जरा ऐकून कोण काय बोललं ते लिहून काढ."

तिनं हेडफोन चढवला. आधी स्कॉटलंडचा माणूस बोलला. त्याचा 'र' असा खणखणीत वाजला, जणू कुणी बुलेटला किक मारली. मग शिकागोची बाई. तिची जीभ आत वळायची आणि कुठेही न टेकता तिथेच रेंगाळायची. गंमत म्हणजे बाईंनी 'मीटिंग' म्हटलं की 'मीरिंग' ऐकू यायचं. आपला चांगला मराठी 'र' तिच्याकडे 'ट'च्या जागी जाऊन बसला होता! रूपलला हसू आलं. तिनं लिहिणं सोडलं आणि नुसती ऐकत राहिली.

मग लंडनचे मोठे साहेब बोलू लागले. ते 'नंबर'चं 'नंबा' करायचे, शेवटचा 'र' खुशाल गिळायचे. पण 'डेटा' आणि 'अँड' यांच्यामध्ये, जिथे 'र'चं नावनिशाण नाही, तिथे हळूच एक 'र' पेरून जायचे. आणि अधेमधे जो 'र' उरायचा तो... रूपलनं रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

टुमॉवो. व्हेवी सॉवी.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा तिचा 'र' होता. ओठांपाशी मऊ पडणारा, हुबेहूब तिचा. समुद्रापलीकडच्या, पिकल्या आवाजाच्या कुणा माणसाच्या तोंडात तो आयुष्यभर सुखानं नांदत होता. साहेब बोलताना बाकी सगळे चिडीचूप. हसलं कुणीच नाही. स्कॉटलंडवाला नाही, शिकागोवाली नाही, आपले मेहुलभाईही नाहीत.

रूपलनं हेडफोन काढला. एवढंसं अक्षर, आणि दुनियेत किती तऱ्हांनी चालतं! कुठे धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे गायबच होतं, आणि सगळीकडे माणसाला माणसाचं कळतं. तिचे डोळे भरून आले. संध्याकाळी स्टेशनबाहेर सातपाटीची हंसामावशी मासळीची रिकामी पाटी घेऊन रिक्षावाल्यावर ओरडत होती, "गारी थांबव रे!" गाडीची गारी रूपल जन्मापासून ऐकत आली होती. आज ती थांबून, देवळातली घंटा ऐकावी तशी ऐकत राहिली.

लग्न लागलं. वाडीतल्या मांडवात पंगत बसली. रूपलनं जिलबीचा तुकडा उचलला तशी सगळी भावकी ओरडली, "नाव घ्या, नाव घ्या!" सुलूबाईंनी अंकुशकडे पाहिलं. अंकुशनं बेंजोवर बोटं ठेवली.

"चांदीच्या वाटीत बासुंदी छान," रूपल म्हणाली, "विश्..."

बेंजो दणाणला. लोकांनी टाळ्याही पिटल्या. सगळं ठरल्यासारखं पार पडलं होतं.

पण रूपलनं हात वर केला. "अंकुशदादा, थांब."

बेंजो थांबला. सुलूबाई वाढपाचं ताट घेऊन होत्या तिथेच थबकल्या. रूपलचा आवाज निघाला तो स्वच्छ.

"दारी लावला मोगरा, वारा सुटला गार, विश्रामरावांचं नाव घेते, ऐका सारं घरदार!"

एकूणएक 'र' तिचा होता, मऊ, ओठांवरचा. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. विश्राम हसला नाही. त्याचं तोंड घासासाठी उघडलेलं तसंच राहिलं होतं. आपलं नाव इतक्या मायेनं घेतलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

सुलूबाईंनी ताट खाली ठेवलं. जन्मभर जो आवाज त्यांनी पदराखाली झाकला तो मांडवभर पसरला होता, आणि त्यांना तो गोड लागला. त्यांनी डोळे पुसले आणि हसणाऱ्याच्या दिशेनं बघत मोठ्यानं म्हणाल्या,

"परत घे गं बाय. मागच्यांना ऐकू नाय आलं."