जिन्याखालची जागा

आमच्या नेरूळच्या शाळेत तिसरीचं वाचन म्हणजे कोरस. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ओढायची. मुख्याध्यापक जयदेव सर म्हणतात, गटात मूल आपोआप शिकतं. आपोआप फक्त बुरशी वाढते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

माझ्या वर्गातली मनस्वी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई दमयंती मासे विकते. कोरसमध्ये मनस्वीचा आवाज सगळ्यांत खणखणीत, पण एकटीला वाचायला सांगितलं की तोंडाला कुलूप. म्हणून मधल्या सुट्टीत मी तिला जिन्याखाली घेऊन बसायचे. तिथे ती चुकायला घाबरायची नाही. परवा तिने एकटीने 'होडी' हा शब्द वाचला, तेव्हा मलाच रडू आलं.

पण सुट्टीत वेळ एकालाच पुरतो. सरांचा नियम असा, की परिच्छेद वाचता आला की ते मूल गटात परत आणि जिन्याखाली दुसरं.

काल तपासणीला साहेब आले. त्यांनी मनस्वीला नवं पान उघडून दिलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कोरसमधला जुना धडा घडाघडा म्हणून टाकला. ओळींवरून बोटसुद्धा फिरवलं. पानावर मुंगीची गोष्ट होती आणि ही आंब्याच्या झाडाचं सांगत होती. साहेबांचं डोकं मोबाइलमध्ये.

"व्हेरी गुड! परिच्छेद येतो."

"साहेब, तिला पाठ आहे ते. जरा पान बघा ना."

"बाई, आपल्याच वर्गाचं नाव कशाला घालवता?" जयदेव सर दबक्या आवाजात म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शाळा सुटल्यावर दमयंती कोलंबी घेऊन आली. "बाई, पोर वाचाला लागली! सर बोलले." मी तिला खरं काय ते सांगितलं. तिचा चेहरा पडला, मग ती चिडली. "सायेब काय खोटं बोलतील? तुमीच कशाला माज्या पोरीला मागं खेचताय?" कोलंबीची पिशवी ती परत घेऊन गेली. मला सरांपेक्षा तिचा राग जास्त लागला.

आज मधल्या सुट्टीत जिन्याखाली वर्गातल्या विपुलला बसवायचा सरांचा हुकूम होता. बसवला. मनस्वी सवयीने पुस्तक घेऊन आली आणि त्याला बघून तिथेच थांबली.

"बाई, मी चुकली नाय ना काल?"

"नाही गं."

"मंग मना का उठवलं?"