लेव्हीच्या साली बुजवलेलं पेव

पहिली आठवण. दोन मिनिटं बारा सेकंद. पाठवली.

ती कापडाची होती. जर्मनची लढाई संपून वर्ष झालं तरी कंट्रोल उठलं नव्हतं, आणि त्या साली फुलाबाईच्या माहेरी, निरवांगीत, एकाच चौकड्याचं कापड आलं. मग अख्खी आळी त्याच चौकड्यात. लग्नात नवरा कोण आणि वाजंत्री कोण, भटजीला कळेना. फुलाबाईनं हे सांगितलं आणि माहेरचा ग्रुप दिवसभर हसला.

माळेगाव बुद्रुकच्या घरात नातसून वृषालीनं तिला त्या ग्रुपात घातलं होतं. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की जातं, नको असलं तर बोट बाजूला सरकवून पुसायचं, एवढंच शिकवलं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी म्हातारीला नवं तोंड फुटलं. दुसरी आठवण रॉकेलची, तिसरी नीरेच्या पुराची. ग्रुप चालवायचा रविराज, तिच्या चुलत भावाचा मुलगा. आत्या म्हंजे चालतंबोलतं दप्तर, असं तो कौतुकानं लिहायचा. कुणी लिहिलं, आत्या लढाईवर गेल्या असत्या तर जर्मन पहिल्याच साली शरण आला असता.

मग रविराजनं लेव्हीचं विचारलं.

चौथी आठवण. तीन मिनिटं. पाठवली.

सरकार ठरल्या भावानं शेतकऱ्याच्या घरातलं धान्य उचलून न्यायचं, ती लेव्ही. पंच आणि शिपाई येऊन कणग्या मोजायचे. मग लोक पेवात ज्वारी लपवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणच, तोंड माणूस मावेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आत कडबा लावायचा, वरून शिळा, शिळेवर माती, मातीवर उकिरडा. फुलाबाई रंगात आली. पेव उघडलं की माणूस उतरायच्या आधी आत दिवा सोडून बघायचा, हेही सांगून गेली. आणि तिथंच तिचं बोट बटणावरनं सुटलं.

खाली रविराजनं लिहिलं होतं. त्याचा आजा संभाजी त्याच साली मुंबईला गेला तो परत आला नाही. कुणाला काय ठाऊक असेल तर सांगावं.

पाचवी. चार सेकंद. पाठवली नाही. त्यात नुसता श्वास होता.

संभाजी मुंबईला गेला नव्हता. फुलाबाई सोडून हे जाणणारा दुसरा माणूस म्हणजे तिचा बाप, आणि तो मरून चाळीस वर्षं झाली होती. संभाजी त्याचा धाकटा भाऊ, फुलाचा नाना. नाना पेवात उतरला आणि वर आला नाही. बापानं दोनदा हाका मारल्या. तिसरी हाक न मारता शिळा सरकवली. चोरून पुरलेलं धान्य आणि त्यावर मेलेला माणूस, दोन्ही एकदम सरकारला दाखवायची त्याची छाती झाली नाही. नऊ वर्षांच्या पोरीला त्यानं दंडाला धरून सांगितलं, तुझी जीभ हालली की पोलीस मला फासावर देतील. गावाला सांगितलं, संभा मुंबईला गिरणीत गेला.

त्या गोष्टीला एकोणऐंशी वर्षं झाली. अजूनही खाकी कपड्यातला माणूस दारात आला, मग तो वीजबिलाचा का असेना, की फुलाबाई मोरीत जाऊन उभी राहायची.

*

शनिवारी सकाळी फोटो आला. उद्या गावात जुन्या माणसांचा सत्कार, त्याची तयारी. पाराच्या मागची मोकळी जागा, कडेला पिंपरणीचं झाड. तिथं स्टेज उभं राहणार होतं. फोटोत सात-आठ पोरी नाचाचा सराव करत होत्या, मधोमध रविराजची लेक छकुली, एक पाय वर.

वृषालीनं फोटो मोठा करून दाखवला. फुलाबाईनं पोरीकडं पाहिलंच नाही. तिनं पिंपरणीच्या बुंध्यापासून पोरीच्या पायापर्यंत बोटानं अंतर मोजलं. मग चहाची कपबशी न पिताच बाजूला सारली.

खाली ते पेव, पोकळ जमीन. तिच्यावर लोखंडी स्टेज, भोंगे, अख्खं गाव. आणि वर पाय आपटणारी पोरं.

आता नुसती जागा सांगायची म्हटलं, तर गाव विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? ठाऊक आहे म्हटलं, तर उघडणार. उघडलं, तर नाना. आणि नाही सांगितलं तर छकुली.

सहावी. अकरा सेकंद. जागा सांगितली. पुसली.

सातवी. वीस सेकंद. जागा सांगितली, आत कोण आहे तेही सांगितलं. पुसली.

आठवी. ती किती सेकंदांची होती कोण जाणे. दार लावून, तोंडावर पदर धरून बोललेली. त्यात ती गोष्ट होती, जी तिच्या बापालासुद्धा ठाऊक नव्हती.

कंदील तिच्याकडं होता. पेवाच्या तोंडातून दोरीनं खाली सोडायचा, वात जळत राहिली तर हवा चांगली, विझली तर कुणी उतरायचं नाही. हे काम पोरांचं, कारण पोरं पालथी पडून नीट बघतात. त्या दिवशी येताना फुलाला ठेच लागली आणि कंदिलातलं रॉकेल सांडलं. तेव्हा रॉकेल म्हणजे औषध. अर्ध्या बाटलीसाठी आई पहाटेपासून रांगेत उभी राहायची. फुलानं कुणाला सांगितलं नाही. कंदील खाली गेला, आणि वात हळूच मिटली. फुलाला वाटलं, तेल संपलं. आता विझला म्हटलं तर तेल कुठं गेलं ते विचारणार, पाठ सोलून निघणार. मागं नाना घाई करत होता, पंच वेशीपाशी आले होते.

तिनं वळून सांगितलं, पेटला हाय.

आठवी पुसली.

नववी. सोळा सेकंद. पाठवली. तिच्यात एवढंच होतं: पाराच्या मागं पिंपरणीकडं जुनं पेव हाय, तितं स्टेज घालू नका, पोरं तितनं काढा.

फुलाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. भीतीनं तो अर्ध्यातच परत घेतला, कारण ग्रुपात जल्लोष सुरू झाला होता. लेव्हीचं पेव! प्रत्यक्ष इतिहास! रविराजनं लिहिलं, स्टेज पुढं सरकवतो, आणि उद्या सत्काराला आत्यांचं पेवच दाखवायचं. गावातल्या रणजितचा जेसीबी मोकळाच होता. कुणी म्हणालं, पेवात सोनं निघालं तर ते आत्याचं का ग्रामपंचायतीचं? दुसऱ्यानं उत्तर दिलं, आधी ज्वारी दळून भाकरी खा, मग सोनं.

दुपारी फोटो आला. उकरलेली माती, तिच्यात कोपऱ्याला तुटलेली शिळा.

दुसरा फोटो. शिळा बाजूला. काळं भोक.

फुलाबाईनं वृषालीला फोन लावायला सांगितलं. रविराज उचलेना. पुन्हा. उचलेना. तिसऱ्या वेळी वृषालीनं रणजितला व्हिडिओ कॉल लावला आणि त्यानं उचलला. पडदाभर गर्दी, मंडपाचं कापड, आणि मधे भोकाच्या काठावर बसलेला रविराज. पाय आत सोडलेले. शिडीची दोन टोकं त्याच्या बगलेपाशी.

फुलाबाई म्हणाली, उतरू नको. आतली हवा बाधती.

गर्दी हसली. रविराजनं मान वळवली. मायेनंच बोलला तो, पण चार लोक ऐकतील असं.

"आत्या, तुमीच सांगितलं तसं केलं बघा. आधी दिवा सोडला. धा मिनिटं झाली, लख्ख हाय."

रणजितनं मोबाईल भोकाकडं वळवला. खाली, लांब खाली, पांढरा उजेड लोंबत होता. सुतळीला बांधलेला मोबाईल, बॅटरी चालू करून सोडलेला. त्या उजेडात कडब्याचा काळा थर दिसत होता, आणि थराच्या कडेला काहीतरी गोल.

फुलाबाईला ओरडायचं होतं. दंडावर बापाची बोटं रुतल्यासारखी झाली. वृषालीनं तिला धरलं, आज्जी काय झालं विचारू लागली. पडद्यावर रविराजनं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टेकवला.

"त्यो उजेड विझत न्हाय रं," फुलाबाई म्हणाली. "बॅटरी कशानं विझंल? वात लागती. वात."

तो थांबला. थांबला असं नाही, दुसऱ्या पायरीसाठी पाय चाचपत होता तो चाचपायचा राहिला.

"त्या दिवशी वात विझली हुती. मी डोळ्यानं बघितली. आन् मी पेटला हाय म्हनलं. रॉकेल सांडलं म्हनून मार बसंल, म्हनून म्हनलं. तुजा आजा माज्या शब्दावर उतरला, रवी. त्यो मुंबईला गेला न्हाय. त्यो तितंच हाय."

मग कुणीतरी रविराजच्या काखेत हात घालून त्याला वर ओढला. तो काठापासून मागं मागं, बसल्या बसल्या सरकत गेला.

रणजितच्या हातातला फोन आता नीट धरलेला नव्हता. त्यात कधी पायतणं दिसत, कधी पिंपरणीची फांदी. कुणी सांगत होतं पोलीसपाटलाला बोलवा. फुलाबाईनं तो शब्द ऐकला. उठून मोरीत जावं असं तिच्या पायांना वाटलं. ती गेली नाही. फोन बंद करू का, असं वृषालीनं खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली. नको.

बऱ्याच वेळानं रविराजचा चेहरा पडद्यात आला. मातीनं भरलेला, एकदम त्याच्या आज्यासारखा. त्यानं आत्या म्हटलं नाही.

"माजी आज्जी," तो म्हणाला, "मरस्तवर कुकू लावत हुती. तिला ठावं हुतं का?"

कौसल्याकाकू, नानाची बायको. पंचमीला फुला माहेरी गेली की ती ओटी भरायची, आणि भरता भरता हळूच विचारायची, तुमच्या साखर कारखान्याच्या गावाला मुंबईची माणसं येत्यात, कुणी काय बोललं का गं ह्यांचं? दरसाल. आणि दरसाल फुला सांगायची, बोलले, बरे हायेत, दिवाळीला येतो म्हनलेत.

आताही एक शब्द बोलून सुटता आलं असतं. ठावं हुतं तिला, असं म्हटलं असतं, तर निम्मं ओझं मेलेल्या बाईच्या माथ्यावर गेलं असतं, आणि ती काही उठून नाही म्हणणार नव्हती. फुलाबाईच्या ओठांपर्यंत ते आलं होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "मी कळू दिलं न्हाय."

रविराज बघत राहिला. तीही बघत राहिली. तो पुढं काय बोलेल याची ती, हात मांडीवर ठेवून, वाट बघत बसली.