तांडेलाचा श्रावण

देवबागच्या सरलावयनीकडे एक मासा होता. जात ऑस्कर, नाव तांडेल. तो टाकीत राहायचा हे आपलं म्हणायचं. खरं तर टाकीच त्याच्या अंगाभोवती कशीबशी राहत होती. त्याने शेपटी हाणली की पडवीतलं कॅलेंडर फडफडून पान उलटे आणि त्या घरात एकादशी आदल्या दिवशीच उजाडे. विमेवाला दारात आला की तो नेमका त्याच्या चष्म्यावर पाणी उडवी. विमेवाला अजून जिवंत आहे, खोटं वाटत असेल त्याने जाऊन विचारावं.

सरलेने त्याला बोटाच्या पेराएवढा असताना आणला होता. तिने हाक मारली की तिचे थोरले दीर भाई हातातला पेपर आणखी वर धरत. मुलगा मुंबईला, त्याला हाक पोचत नसे. मांजर तर मांजरच. हाकेसरशी पुढे येणारा जीव त्या घरात तेवढा एक.

आणि श्रावण लागला त्याच दिवशी तांडेलाने खाणं सोडलं. दाणा तोंडात घ्यायचा, जरा घोळवायचा आणि थू करून टाकायचा. मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा.

श्रावणात देवबागची माणसं मासळीकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणजे बघतात, पण देवाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. त्यामुळे भाईंनी टाकीतला प्रकार पाहिला आणि त्यांच्या अंगावर काटाच आला.

"गो सरला, ह्यो उपास करता! मासो आसान खावचा सोडल्यान! आमी माणसां आसान चोरून सुकट खातो!"

"आमी म्हंजे कोण, भाई?"

"ता जावंदे," भाई म्हणाले आणि देवळाकडे पळाले.

संध्याकाळी तारकर्लीची माणसं आली. दुसऱ्या दिवशी वालावलची. गोव्याहून तर एक अख्खी बस निघाली होती म्हणतात; ती बांद्याला का थांबली ते ड्रायव्हरला आणि बांद्याच्या बारवाल्याला ठाऊक. टाकीला हार चढला. कुणी पाण्यात बेलपानं टाकली, कुणी झेंडू. सरला जाळीने ती उपसून काढायची, आणि पाठ वळली की भाई परत टाकायचे.

माणसं तोंडाकडे बघून हात जोडत होती. सरला पोट बघत होती. पोट आत गेलेलं, डोक्यामागचं मांस झडलेलं. आणि खाली लोंबणारा पांढरा दोरा. एका बाईने तर त्याला तांडेलाचं जानवं ठरवून नमस्कार केला.

सरलेने कुडाळला विनीतला फोन लावला. हा तिच्या बहिणीचा मुलगा, शोभेच्या माशांचं दुकान चालवणारा.

"मावशी, शी कशी करता तो?"

"पांढरी. सुतासारखी."

"मगे पोटात किडे दिसतत. तेचा अन्न तेच खातत."

"पाण्यात औषध घालू?"

"पाण्यातला औषध पोटात कधी पोचतला? खावक घालूक व्हया. सुंगटां वाट, लसणीचो रस घाल, मी देतंय तेवढाच औषध घाल, जास्त नको. जिलेटिनान घट्ट कर, नायतर सगळा पाण्यात विरघळतला. लसणीच्या वासान तोंड उघडतलो."

"विनीत, श्रावण आसा रे."

"ता किड्यांका सांग, मावशी."

सुंगटं मिळायला अडचण नव्हती. शेजारचा बाबली श्रावणात जाळं खाडीत टाकायचा ते फक्त धुवायला. धुताना कोळंबी येऊन अडकली तर तो बिचारा काय करणार?

सोमवारी भाई आंघोळीला गेले तसं सरलेने सगळं वाटलं, विनीतने पाठवलेलं औषध कालवलं आणि थाळीत ओतून फ्रीजमध्ये थिजायला ठेवलं, नेमकं अभिषेकाच्या दुधाशेजारी. लपवायचं तिच्या मनातच नव्हतं. पडवीत भजन रंगात आलं, भाई दूध आणायला आत गेले, आणि आतून अशी आरोळी आली की समुद्रावरच्या घारी वाट बदलून गेल्या.

"सुंगटां! लसूण! ह्या घरात! श्रावणी सोमवारी!"

सरलेने त्यांच्या हातातून थाळी घेतली आणि गर्दीतून वाट काढत टाकीपाशी आली. वास दरवळला. मृदंगाचा ठेका चुकला. पेटीवाल्याने तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

भाई आडवे आले. "व्रत मोडतलस तू तेचा?"

"जेका जेवक येता आणि तरी जेवणा नाय, तेचो उपास, भाई. ह्याचा तर किडेच जेवतत. ह्यो उपाशी आसा. बाजूक व्हा."

"आज तू ह्या पाण्यात हात घातलंस, तर आजपासून रांदपाक हात लावू नको!"

"बरां. मगे तुमचा कोण रांदतला?"

एवढा पुढचा विचार भाईंनी केलेला नव्हता. ते तो करत उभे राहिले तेवढ्यात सरलेने हार ओढून काढला, झाकण उघडलं आणि बारीक वडी पाण्यात सोडली.

तांडेल वळला. वडी तोंडात घेतली. थुंकली.

"बघा! थुकलो! माझो देव तो!" भाई गर्जले.

"तांडेला," सरला काचेला कपाळ टेकून म्हणाली, "ह्या माणसांका भिया नको रे. खा."

त्याने बुडत चाललेली वडी पुन्हा पकडली. गाल हलले. मग त्याने ती गिळली आणि दुसरीसाठी काचेवर असं थोबाड आपटलं की पेटी आपोआप एक सूर वाजली.

एक म्हातारा उठून पाय आपटत निघून गेला. दोघीतिघींनी कानाला हात लावले. बाबली मात्र पुढे सरकला. "वयनी, वायच उरला तर..."

"औषध आसा तेच्यात, मेल्या."

"माका पण किडेच आसतले गो."

त्या दिवसापासून भाई भजनवाल्यांच्या घरी जेवू लागले, आणि भजनवाले भाईंना चुकवू लागले. देवळातल्या बायका सरलेशी बोलेनाशा झाल्या. ती रोज त्यांच्यादेखत बाबलीच्या दारात सुंगटं निवडून घ्यायची आणि पिशवी उघडीच ठेवून परत यायची. तांडेलाची शी एके सकाळी काळीभोर झाली, तेव्हा तिने दरवाजे सताड उघडले आणि रस्त्याने जाईल त्याला हाक मारली, "दर्शनाक येवा!"

भाईंनीही चोरून बघून घेतलं. पोट भरलं होतं, डोळे चकाकत होते. मग घसा खाकरून ते म्हणाले, "आता खाता मा तो? मगे बंद कर ती लसूण. घराक वास मारता."

"विनीत 'बंद कर' सांगी पावत औषध चालू रवतला. किडे मेले काय नाय, ता तुमच्या नाकान ठरवचा नाय."

आणि लसणीचा गड्डा घेऊन ती उंबऱ्यावरच सोलायला बसली, आत जायला भाईंना वाट न ठेवता.